बांधावरून बाजारात

दरवर्षी ऑगस्टची ९ तारीख जवळ आली की आमच्याकडे, म्हणजे लातूर-नांदेडच्या तालुक्याच्या गावांतून, एक वेगळाच मांडव पडतो. लग्नसराई कधीच संपलेली, गणपती अजून लांब. मांडववाल्यालासुद्धा हे काम अवचितच मिळालेले असते. कुठे कृषी कार्यालयाचे आवार, कुठे पंचायत समितीचे सभागृह. आत ओळीने टेबले, टेबलांवर पांढरे कापड, कापडावर सुपे आणि सुपांत ओल्या मातीचा वास अंगावर घेऊन आलेल्या भाज्या. प्रत्येक सुपापुढे पुठ्ठ्याची चिठ्ठी. तरोटा, कुंजीर, पाथरी, केना, आघाडा, फांदी, कुरडू. काही ठिकाणी मराठी नावाखाली शास्त्रीय नावही लिहिलेले असते. जन्मभर गुरांच्या पायाखाली तुडवला गेलेला तरोटा आपले लॅटिन नाव वाचून काय म्हणत असेल, कोण जाणे!

हा रानभाजी महोत्सव. राज्याच्या कृषी विभागाने २०२० साली जागतिक आदिवासी दिनाचे निमित्त धरून तो राज्यभर सुरू केला. जिल्ह्यात त्याची जुळवाजुळव 'आत्मा' नावाची यंत्रणा करते. नाव आध्यात्मिक वाटले तरी आहे ती कृषी विस्ताराचीच सरकारी व्यवस्था. बचत गटांच्या बायका, गावोगावचे शेतकरी, एखादा रोपवाटिकावाला, बांबूची सुपे-टोपल्या घेऊन आलेला बुरूड, माठ-पणत्या मांडून बसलेला कुंभार, एका कोपऱ्यात भजनी मंडळ किंवा शाहीर असा सगळा मेळ जमतो. गेली काही वर्षे मी या मांडवांना जाते. कधी लातूरला, कधी नांदेडला, तर कधी मुद्दाम वाट वाकडी करून किनवटकडे. पिशवी भरून आणते आणि डोक्यात बरेच प्रश्नही.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. जी भाजी काल-परवापर्यंत फुकट होती, ती विकत घ्यायला आपण मांडवात का जातो?

माझ्या लहानपणी आमच्या अहमदपूर भागात पावसाळ्यात भाजी 'आणायची' नसे, ती 'यायची'. खुरपायला गेलेल्या बायका संध्याकाळी परत येत तेव्हा प्रत्येकीच्या ओट्यात काही ना काही असे. मृगाची पहिली सर पडली की आठ-दहा दिवसांत तरोट्याची दोन-दोन पाने वर येत. तो कोवळा असतानाच खुडायचा. मोठा झाला की उग्र लागतो. मागोमाग कुंजीर, तांदुळजा, चिघळ, घोळ. मग पाथरी. ही तर शिजवायचीही गरज नसे. धुवून, मीठ लावून, ज्वारीच्या भाकरीबरोबर कचाकचा खायची. श्रावणात कर्टुली. भादव्यात अंबाडी. ही अंबाडी पेरलेली असायची, पण तीही कडेकडेने, पाहुणीसारखी. तिची पाने भाजीला, बोंडांभोवतीच्या लाल पाकळ्या चटणीला आणि काड्या पाण्यात कुजवून निघालेला वाख दोरखंडाला. एका झाडाने एका घराचे किती प्रपंच सांभाळावेत!

गंमत म्हणजे, यांतले तांदुळजा, माठ, कुरडू, आघाडा आणि कुंजीर हे सगळे एकाच कुळातले, राजगिऱ्याच्या. वनस्पतिशास्त्राचे पुस्तक कधी न उघडलेल्या बायका या सगळ्यांची भाजी साधारण एकाच रीतीने करतात: लसूण, मिरची, थोडी डाळ, झाकण ठेवून वाफ. घोळीला मात्र पीठ पेरतात किंवा ताक घालतात, कारण तिला अंगचा आंबटपणा असतो. घोळीत ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्ले सापडतात हे हल्ली सगळीकडे सांगितले जाते. तिच्यात ऑक्झलेटही भरपूर असते आणि मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती बेताने खावी, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. औषधी, औषधी म्हणून डोळे मिटून खाण्यासारखी कुठलीच भाजी नसते.

लातूरच्या मांडवात एका म्हाताऱ्या मावशींशी माझी ओळख झाली. औसा तालुक्यातल्या. पुढ्यात तरोट्याचे आणि कुंजराचे वाटे लावून बसलेल्या. दहाला एक वाटा. शहरातली एक तरुण मुलगी मोठ्या कौतुकाने फोटो काढत होती आणि 'आजी, हे किती हेल्दी आहे!' असे म्हणत होती. ती गेल्यावर मावशी माझ्याकडे बघून हसल्या.

"बाई, बहात्तरच्या दुष्काळात हेच खाऊन दिवस काढलाव आम्ही. तवा कुणी बघंना. शेजारीण आली तर तवा झाकून ठेवायची माझी सासू, की तरोटा शिजायलाय म्हणून कळू नये. आता फोटू काढायलेत!"

हे ऐकले आणि हातातली पिशवी क्षणभर जड झाली. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी गिळली. त्या दिवसांत रानातला पाला ही चैन नव्हती, लाज होती. आज तीच भाजी पांढऱ्या कापडावर येऊन बसली आहे. आपल्याला ती आरोग्याची वाटते आणि मावशींना ती अजूनही दारिद्र्याची आठवण करून देते. महोत्सवाच्या भाषणांत 'आपला समृद्ध वारसा' असे शब्द येतात तेव्हा मला तो झाकलेला तवा दिसतो. वारसा असतो, पण तो उपाशीपणाचाही असतो.

मावशींना मी विचारले, "हे सगळं तुमच्याच रानातलं का?"

"आमच्या रानात कुठलं आलंय? सोयाबीन हाय सगळं. हे मी वढ्याच्या काठानं हिंडून आणलाव. दोन दिस लागले."

खरा विषय इथे सुरू होतो. लातूरची बाजार समिती सोयाबीन आणि तुरीच्या भावासाठी देशभर ओळखली जाते. १९९०नंतर सोयाबीन या भागात पसरत गेले आणि पाहता पाहता खरीप म्हणजे सोयाबीन असे समीकरण झाले. मी सोयाबीनला शिव्या घालणार नाही. नव्वद-शंभर दिवसांत रोख पैसा देणारे दुसरे कुठले पीक कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी दिले? पण त्याच्यापाठोपाठ तणनाशक आले. पूर्वी शेतात ज्वारी, मूग, उडीद, तूर, कडेला अंबाडी आणि तीळ अशी मिसळ असे. तिथे खुरपे चालायचे. आता पेरणीनंतर ठरावीक दिवसांनी पाठीवर पंप घेऊन एक गडी फिरतो आणि आठवड्यात सगळे तण पिवळे पडते. त्या तणात तांदुळजा असतो, कुंजीर असते, चिघळ असते, पाथरी असते. ज्यांना आपण मांडवात चिठ्ठ्या लावून मांडतो, त्याच या!

तणनाशकाने दोन गोष्टी एकदम नेल्या. बाईची भाजी गेली आणि बाईची मजुरीही. खुरपणी हे बायकांचे काम, फवारणी पुरुषांचे. खुरपणारी बाई दिवसाचा रोज घेऊन वर ओट्यात भाजी आणत असे. शेतकऱ्यालाही दोष कसा द्यावा? वेळेवर माणूस मिळत नाही, रोज परवडत नाही, पाऊस चार दिवस उघडीप देत नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे. फक्त त्या हिशेबाच्या वहीत भाजीला रकानाच नाही.

आणि आता एक अडचण उभी राहते, जिच्याबद्दल मांडवात कुणी बोलताना मी ऐकलेले नाही. फवारलेल्या रानाच्या बांधावरची भाजी 'नैसर्गिक, बिनविषारी' म्हणून कशी विकायची? मावशींना हे ठाऊक होते, म्हणून तर त्या ओढ्याकाठी हिंडल्या. पण सगळ्याच विकणाऱ्या तेवढ्या जपून तोडतील असे नाही. तेव्हा गिऱ्हाइकाने इतके तरी विचारावे: 'कुठून तोडली?' भाजीवालीला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट ती जागा सांगते, वाट सांगते, वर ती कशी करायची तेही सांगते.

नांदेडच्या मांडवाचा रंग निराळा. लातूर जिल्ह्यात जंगल जेमतेम. एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्क्याच्याही आत. त्यामुळे आमची रानभाजी म्हणजे खरे तर शेतभाजी, बांधभाजी. नांदेडला मात्र किनवट-माहूरचे जंगल आहे. पैनगंगेच्या काठचा, अभयारण्याचा तो पट्टा. साग, तेंदू, मोह, चारोळी, बिब्बा. गोंड, कोलाम, आंध, प्रधान अशा समाजांची आणि बंजारा तांड्यांची वस्ती. तिकडून बायका येतात त्या बांबूचे कोवळे कोंब, वाळवलेली मोहाची फुले, चारोळी, मध घेऊन. कोलाम ही केंद्र सरकारने महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन. या माणसांचे रानाचे ज्ञान कुठल्याही चिठ्ठीवर मावणारे नाही.

देगलूर, बिलोलीकडच्या बाजारांत आणखी मजा. तिथे अंबाडीच्या जुडीपुढे एक बाई 'अंबाडी' म्हणते, दुसरी 'गोंगुरा' म्हणते आणि कर्नाटकातून आलेली तिसरी 'पुंडी' म्हणते. जुडी तीच, भाव तोच. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा अंबाडीला कुणी विचारले नसावे.

किनवटकडच्या एका मांडवात मला कर्टुल्याचे कंद विकणारी बाई भेटली. कर्टुली आपण सगळेच खातो; शहरात किलोला दोनशेच्या पुढे भाव असतो आणि तरी ती दिसली की हात जातोच. पण वेल कसा असतो हे फार थोड्यांना माहीत. पावसाळा संपला की वेल वाळून जातो, कंद जमिनीत झोपून राहतो आणि पुढच्या मृगाला पुन्हा फुटतो. बरे, पपईसारखे याचेही नर वेगळे आणि मादी वेगळी. नराला फुले येतात, फळ येत नाही. मादीला फळ येते, पण जवळ नर असेल तरच. बी पेरले तर फूल लागेपर्यंत कळत नाही की काय उगवले आहे. म्हणून कंद घ्यायचा, आणि तोही माहीतगाराकडून. लागवड करणारे आठ-दहा मादी वेलींमागे एक नर ठेवतात.

त्या बाईंच्या दोन टोपल्या होत्या. एका टोपलीला लाल चिंधी बांधलेली.

"ही काय खूण?" मी विचारले.

"ही बाप्याची. तिकडची बायांची. तीन बाया घेतल्या तर एक बाप्या फुकट देते," ती म्हणाली, आणि आजूबाजूच्या सगळ्या बायका खो खो हसल्या.

मी विचारले, रानातून सगळेच कंद काढलेत तर पुढे काय? ती म्हणाली, एका जागेचे सगळे काढत नाहीत, मोठा घ्यायचा आणि बारका ठेवायचा. तिच्या आईने तसेच शिकवले आहे. पण व्यापारी येतात आणि पोरांना किलोवर पैसे देतात, ती पोरे बारके-मोठे बघत नाहीत. गिऱ्हाईक वाढले की रानावर ताण येतोच. मोहात आणि चारोळीत हे झालेले आहे. चारोळीसाठी कच्ची फळे ओरबाडली गेली, फांद्या मोडल्या गेल्या. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. ज्या गावाला आपले जंगल आपले वाटते, तिथे पोराला हटकणारे कुणीतरी असते. जिथे तसे वाटत नाही, तिथे पोरगा म्हणतो, मी नाही काढले तर दुसरा काढेल.

त्याच मांडवात बाहेर ढोल वाजत होता आणि ढेमसा नाच चालला होता. किनवटला लागूनच तेलंगणाचा आदिलाबाद. दिवाळीतल्या दंडारीत मोरपिसांचा भलामोठा मुकुट घालून नाचणारे गुसाडी दोन्हीकडचे. आदिलाबादकडचे गुसाडी कलावंत कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सीमेच्या अलीकडेही आनंद झाला. मांडवात मात्र नाचणाऱ्यांना पाहुण्यांची वाट पाहत उभे राहावे लागते. पाहुणे आले की ढोल, पाहुणे बसले की ढोल बंद. मला माळेगावची जत्रा आठवली. लोहा तालुक्यातला हा खंडोबा. मार्गशीर्षात घोडे, गाढवे, उंट, घोंगड्या, वाघ्या-मुरळी, तमाशाचे फड असा अफाट बाजार भरतो. तिथे विकणारा आणि वाजवणारा दोघेही आपापल्या हक्काने आलेले असतात, कुणी बोलावले म्हणून नव्हे. महोत्सव अजून जत्रा झालेला नाही. तो व्हायचा असेल तर सत्काराच्या शाली थोड्या कमी आणि वाटे लावून बसलेल्या बायका थोड्या जास्त लागतील.

पाककृती स्पर्धांचीही एक तऱ्हा सांगायलाच हवी. एका ठिकाणी पहिला क्रमांक तरोट्याच्या चीज रोलला मिळाला. खाऊन पाहिला, चीज उत्तम होते! शेजारीच एका बाईने फांदीच्या पानांचे पिठले आणि ज्वारीची भाकरी ठेवली होती. परीक्षकांनी तिची चव घेतली की नाही माहीत नाही, ताट मात्र आम्ही चौघींनी मिळून रिकामे केले.

मांडवाच्या टोकाला रोपवाटिकेचा गाळा असतो. तिथे हल्ली 'देशी झाडे' अशी पाटी दिसते आणि ते चांगलेच आहे. आमच्या रस्त्यांच्या कडेला वर्षानुवर्षे काय लागले? मादागास्करचा गुलमोहर, ऑस्ट्रेलियाची निलगिरी, मेक्सिकोकडची सुबाभूळ आणि गिरिपुष्प. लवकर वाढतात, आकडा भरतो. २०१९च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट होते. अशा उद्दिष्टांना रोप कोणते हा प्रश्न विचारायला सवड नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा लातूरकरांना झाडांची आठवण नव्याने झाली. त्यानंतर वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, अर्जुन, आपटा ही रोपे मागणारी माणसे वाढली. शेजारच्या बीड जिल्ह्यात पालवणच्या माळावर, अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईत, फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षपदी चक्क वडाचे झाड होते. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांपेक्षा ते कमी बोलले, एवढाच काय तो फरक.

पण 'देशी' म्हणजे नेमके काय, यावर रोपवाल्याशी वाद घालण्यात गंमत असते. बालाघाटच्या डोंगरात रानोमाळ वाढणारे सीताफळ मूळचे अमेरिकेकडचे. गावोगावच्या चिंचा आफ्रिकेतून आल्या, त्या किती शतकांपूर्वी याचा पत्ता नाही. त्याच चिंचेला लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या नावाने २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वेळी बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीलाही. मिरची बाहेरची, भुईमूग बाहेरचा. तेव्हा वंशावळ फार मागे नेण्यात अर्थ नाही. माझी कसोटी सोपी आहे: त्या झाडाला आमच्या भाषेत नाव आहे का, सणात जागा आहे का, पाखरू त्यावर बसते का आणि स्वयंपाकघरात ते कुणाला लागते का. गाजर गवतालाही नाव आहे म्हणा, पण ते शिवीसारखेच घेतले जाते.

सणांचा उल्लेख मुद्दाम केला. कारण मला वाटते, या वनस्पती सरकारी महोत्सवाने नव्हे, बायकांच्या व्रतांनी टिकवल्या. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा नेम. म्हणजे नांगरटीतले धान्य नको; जे आपोआप उगवले किंवा हाताने लावले तेवढेच. त्या एका नेमासाठी वर्षातून एकदा तरी रानभाजी ओळखणारी बाई घरात लागत असे. मंगळागौरीला, हरतालिकेला पत्री लागते. आघाडा ओळखता आला नाही तर पूजा अडायची. आणि मार्गशीर्षाच्या शेवटी येणारी आमची येळवस! शेतात कडब्याची कोप करायची, पांडवांची पूजा मांडायची, आंबील आणि भज्जी. ती भज्जी म्हणजे शेतात त्या वेळी जे जे ओले, हिरवे, शेंगेतले असेल त्या सगळ्याची एकत्र भाजी. शेतात एकच पीक असेल तर भज्जीत काय घालणार? आता लोक येळवसेच्या आदल्या दिवशी भज्जीचे सामान बाजारातून पिशवीत भरून शेतात नेतात. मीही नेते.

नगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे जपली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे नाव आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. पण भाजीपाल्याचे बी मडक्यात ठेवता येते. पाथरी आणि कुंजराला मडके चालत नाही. त्यांना न फवारलेला हातभर बांध लागतो. ज्यांची शेती आहे त्यांनी तेवढा सोडावा. बाकीच्यांनी आठवडी बाजारात जावे. महोत्सव एक दिवसाचा असतो. बाजारात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोपऱ्यात गोणपाट टाकून या बायका बसलेल्या असतात. त्या बहुधा मुख्य ओळीत नसतात, मटकीच्या आणि वांग्यांच्या ढिगांपलीकडे असतात. मुलांना बरोबर न्यावे. मोबाइलमधल्या चित्रावरून रानातली भाजी स्वतः तोडायच्या भानगडीत मात्र पडू नये. कोवळा धोतरा भाजीसारखाच दिसतो आणि कळलावीच्या कंदाने माणूस दगावतो. चार पावसाळे कुणा जाणतीच्या मागे हिंडावे, मग तोडावे.

नांदेडच्या मांडवात गेल्या खेपेला दुपारी तीनलाच आवराआवर सुरू झाली, कारण किनवटची गाडी गाठायची होती. चीज रोलचे ताट अर्धे शिल्लक होते, भाज्यांची सुपे मात्र रिकामी. टोपल्या एकात एक घालून बायका निघाल्या. त्यांच्यातली एक रोपवाटिकेच्या गाळ्यापाशी थांबली. कनवटीची नोट काढून, बरीच घासाघीस करून तिने एक रोप घेतले. मला वाटले, आपटा किंवा बेल असेल. जवळ जाऊन पाहिले तर कलमी गुलाब होता, लाल.

"तुमच्याकडं एवढं रान असून हे कशाला?" मी विचारले.

"रान तर रोजच हाय की बाई," ती म्हणाली. "हे दारात लावीन." आणि रोप पदराआड धरून गाडीच्या दिशेने चालू लागली.